फ्लेक्सवरचा एकच गडी

कोल्हापुरात आपला फुटबॉलचा संघ हरला की घरचा रस्साही अळणी लागतो. त्यात बापूसाहेबांच्या नामांकित कॉलेजला डोंगरातल्या कॉलेजच्या पोरांनी चार-शून्यनं धुतलं. ती पोरं टेम्पोतून आली आणि कप घेऊन टेम्पोतूनच गेली.

ग्रंथालयातला शिपाई हिंदुराव वीस वर्षं एकही मॅच न चुकवणारा. दुसऱ्या दिवशी तो कट्ट्यावर पाठीराख्यांची रडगाणी ऐकत होता. कुणी म्हणे चेंडूत हवा जास्त होती, कुणी म्हणे उन्हानं घात केला. ते ऊन बहुधा आपल्याच पोरांना निवडून लागत असावं!

तेवढ्यात अध्यक्ष बापूसाहेब गरजत आले. "माझ्या कॉलेजचं नाक कापलं! संघात कोण कोण होतं त्याची यादी आणा. एकेकाला कॉलेजातून काढतो!"

अकरा पोरं माना खाली घालून उभी राहिली. हिंदुराव पुढं झाला.

"यादी छापून तयार हाय, साहेब. गेटवर लावलीया."

सगळे गेटवर गेले. तिथं साहेबांनी मॅचच्या आदल्या दिवशीच हौसेनं लावलेला वीस फुटी फ्लेक्स होता. 'विजेत्या संघाचे हार्दिक अभिनंदन!' खाली गॉगल लावलेले, फोन कानाला धरलेले एकटे बापूसाहेब. पोरांच्या फोटोंना जागाच उरली नव्हती.

हिंदुरावनं हात जोडले. "साहेब, संघात तर ह्यो एकच गडी दिसतोय. आन् त्योबी मॅच सोडून फोनवर बोलतोय."

फ्लेक्स दुपारीच उतरला. पोरं कॉलेजातच राहिली.