बाळोत्यांचा सुभाना

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते पाचखडकीत कुणालाच नेमकं सांगता येत नाही. पण तेव्हा गावात विहीर नव्हती, आणि बायका पाण्यासाठी कोसभर लांबच्या ओढ्यावर जायच्या, एवढं नक्की. त्या वेळी गावात सुभाना नावाचा एक विहीर खोदणारा होता. त्यानं पहार मारली की पलीकडच्या डोंगरावरची पाखरं उडायची, असं म्हणतात.

सुभानानं गावाच्या मधोमध विहीर खणायला घेतली. आधी मुरूम लागला, मग काळा खडक लागला. तीन वर्षं तो खडकाशी झुंजला. चौथ्या वर्षी तळातून पाणी उसळलं, ते इतकं नितळ की खाली पडलेली सुई काठावरून दिसायची. चवीलाही गोड. पुढं दोन दुष्काळ आले, पण ते पाणी वीतभरसुद्धा खाली गेलं नाही, असं म्हणतात. गावानं सुभानाला फेटा बांधला. ओढ्याची वाट गवतानं बुजून गेली.

आणि त्या सालापासून गावातली तान्ही पोरं रडायला लागली.

आता पोरं रडायचीच. पण हे रडणं थांबत नव्हतं. पोरांच्या मांड्या लाल व्हायच्या, कातडी सोलपटून निघायची. कुणी म्हणालं दृष्ट लागली. कुणी म्हणालं सटवाई रुसली. कुणी आयांच्या दुधाला नावं ठेवली. नवस झाले, अंगारे झाले, पण गुण येईना, आणि का येईना तेही कुणाला समजेना.

अशात सुभानाच्या घरी लेक झाली. त्याची बायको हौसा बाळंतपणानंतर तापानं अंथरुणाला खिळली. बाळाचं न्हाऊमाखू, धुणंपुसणं सगळं ठकूमावशीकडं आलं. ठकूमावशी गावची सुईण. निम्म्या गावाला तिनंच जगात आणलं होतं, त्यात सुभानाही आला.

आठव्या दिवशी लेकीच्या मांड्यांतून रक्त आलं. नवव्या दिवशी तिनं दूध सोडलं.

हौसा पडल्यापडल्या म्हणाली, "अवो, तिची बाळोती एकदा हातात घेऊन बघा तरी."

जुन्या लुगड्याची बाळोती ती. हौसानं दिवस भरत आले तेव्हा स्वतः फाडून, कडा दुमडून शिवलेली. सुभानानं दोरीवरचं एक काढलं. ते शिळ्या भाकरीसारखं कडक झालं होतं. गालाला लावलं तर टोचलं. त्याचं डोकंच फिरलं. तो तरातरा परसात गेला. ठकूमावशी तिथं धूत बसली होती.

"मावशी, तू मन लावून धूत न्हाईस."

ठकूमावशीनं हात वर केले. बोटाबोटाला भेगा पडल्या होत्या. "बघ. अजून किती मन लावू? साबणाला फेस न्हाई. तुझ्या हिरीच्या पाण्यात साबण नासक्या दुधागत फुटतोय."

"माझ्या हिरीला नावं ठेवू नगंस. आरशासारखं पाणी हाय."

म्हातारी उठली. ओल्या बाळोत्यांचा पिळा तिनं त्याच्या छातीवर टाकला आणि म्हणाली, "मग तूच धू." अन् ती चालती झाली.

त्या काळी पुरुषानं बाळोती धुतल्याचं पाचखडकीनं कधी पाहिलं नव्हतं. सुभाना विहिरीवर जाऊन बसला तेव्हा पाणी भरायला आलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सुभानानं त्यांच्याकडं बघितलं नाही. खडक फोडणाऱ्या हातांनी त्यानं साबण चोळला. पाण्यावर पांढरे गोळे तरंगले. फेस आला नाही. त्यानं आणखी साबण चोळला, आणखी गोळे आले. त्यानं बाळोती इतकी आपटली की धुण्याचा दगड दुभंगला, असं म्हणतात. वाळल्यावर हातात घेतली तर शिळी भाकरीच.

तो खुळ्यासारखा बघत राहिला. हात तोच, साबण तोच, पाणी असं की देवाला घालावं. मग हे काय?

त्यानं तापवलेल्या पाण्यात धुऊन पाहिलं, गार पाण्यात पाहिलं. उन्हात वाळवलं, सावलीत वाळवलं. दुपार होईस्तोवर परसात जिकडंतिकडं बाळोती पडली होती. दगडावर, कुंपणावर, भांड्यांत, दोरीवर. कुठलं कसं धुतलं होतं, ते त्याचं त्यालाच आठवेना. आणि संध्याकाळी ती गोळा करताना त्यातलं एक हाताला मऊ लागलं. शेवरीच्या कापसासारखं मऊ.

सुभानानं ते लेकीला गुंडाळलं. ती हुंदके देत देत शांत झाली आणि दिवसभरात पहिल्यांदाच तोंड उघडून हौसाच्या अंगावर प्यायली.

पण तान्ह्या पोराचं बाळोतं किती वेळ कोरडं राहणार? ते ओलं झालं. सुभानानं धावत जाऊन तेच विहिरीवर धुतलं, वाळवलं. तेच बाळोतं, त्याच दोरीवर, आता पुन्हा टोचायला लागलं. लेक किंचाळू लागली.

मग सुभाना पार बावचळला. आपण त्या दिवशी काय केलं होतं ते तो आठवू लागला. त्या दिवशी जेवलो नव्हतो, म्हणून तो उपाशी राहिला. त्या दिवशी अंगात फाटकी बंडी होती, म्हणून ती पुन्हा घातली. त्या दिवशी तोंड मावळतीला होतं, म्हणून मावळतीला तोंड करून धुतलं. तो विहिरीच्या पायऱ्या उतरून खाली गेला आणि पाण्याला हात जोडून म्हणाला, "तुला मी उजेडात आणलं. माझ्या लेकीनं तुझं काय केलं?" पाणी हललंसुद्धा नाही, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ठकूमावशीच्या दारात जाऊन उभा राहिला. हातात एक चिंधी होती. त्या मऊ बाळोत्याच्या कडेला शिवताना लोंबता राहिलेला तुकडा त्यानं त्याच संध्याकाळी फाडून कनवटीला ठेवला होता.

"मावशी, चुकलो. पण हे कसं झालं ते सांग. मला काय बी उमगंना."

ठकूमावशीनं चिंधी बोटांत चुरगाळली, नाकाशी धरली. "ह्याला चुलीचा वास येतोय."

दोघं सुभानाच्या परसात आली. भिंतीच्या कडेला दगडी डोण होती. भांडी घासायची राख ठकूमावशी त्यात भिजत टाकायची. तिनं काठीनं आत ढवळलं, आणि तळातून आणखी एक बाळोतं वर आलं. गडबडीत सुभानाच्या हातून ते आत पडलं होतं. त्याच्यासोबत पडलेलं दुसरं त्यानं काढून वाळवलं होतं, आणि विसरला होता.

ठकूमावशीनं चुलीतली ताजी राख विहिरीच्या पाण्यात कालवली. पाणी गढूळ झालं. दोघं बसून बघत राहिली. उन्हं चढली तसा तळाशी पांढरा साका बसला आणि वर निवळ पाणी राहिलं. सुभानानं ते अलगद दुसऱ्या भांड्यात ओतलं आणि साबण लावला. तर काय फेस आला म्हणता! भांडं भरलं, परस भरलं, फेस गल्लीतून वाहत चावडीपर्यंत गेला आणि चावडीवरच्या म्हाताऱ्यांनी पागोटी वाचवायला हातात धरली, असं म्हणतात. मग साध्या पाण्यात चारदा खळबळून बाळोती वाळत घातली. सगळी मऊ झाली.

अकराव्या दिवशी लेक झोपली, ती दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावरच उठली. उठली ती भूक लागली म्हणून रडली. हौसा हसली आणि मग तीही रडली.

सुभानाला मात्र हसू येईना. तो चावडीवर गेला आणि डोक्यावरचा फेटा काढून खाली ठेवला.

"दोष सटवाईचा न्हाई, आयांच्या दुधाचा न्हाई, ठकूमावशीचा तर न्हाईच न्हाई. दोष माझ्या हिरीच्या पाण्यात हाय."

"पाणी तर गोड हाय!" पाटील म्हणाला.

"गोडच हाय. आपण पितो, गुरं पितात, पिकं डोलतात. अन् तेच पाणी लेकरांना चावतंय. असं कसं, ते मला समजत न्हाई. राखेनं ते का निवतं, तेही समजत न्हाई. पण निवतं. बुजवायची असंल तर हीर बुजवा."

कुणी विहीर बुजवली नाही. उलट पाटलानं फेटा उचलून पुन्हा त्याच्या डोक्यावर ठेवला. पण सुभानानं त्यानंतर दुसरी विहीर खोदली नाही. गावात कुठंही मूल झालं की राखेची पाटी घेऊन तो जायचा आणि सव्वा महिना तिथली बाळोती धुऊन द्यायचा. आधी लोक हसले. मग हसायचे थांबले. मग बोलवायला येऊ लागले. राखेच्या पाण्यानं त्याच्या तळहाताच्या रेषा पुसून गेल्या होत्या. एकदा एका फिरत्या जोशानं त्याचा हात पाहिला आणि घाबरून म्हणाला, "ह्या माणसाला जन्मही नाही नि मरणही नाही." म्हणूनच की काय, सुभाना कधी आणि कुठं गेला ते कुणाला ठाऊक नाही. कुणी म्हणतं लेकीच्या सासरी गेला. कुणी म्हणतं विहिरीच्या पायऱ्या उतरताना दिसला आणि वर आलाच नाही. विचारायला जावं तर प्रत्येक घरात वेगळं सांगतात.

आता पाचखडकीत नळ आले, बाजारातून तयार लंगोट येतात. तरी बारशाच्या दिवशी, बाळाला पाळण्यात घालायच्या आधी, बापाला परसात पाटावर बसवतात. तो शहरात मोठ्या हुद्द्यावर असला तरी सुटका नाही. त्याच्या पुढ्यात राखेचं निवळलेलं पाणी आणि एक बाळोतं ठेवतात. बापानं आधी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "मला काय बी कळंना." मग जमलेल्या बायका एका सुरात म्हणतात, "न्हाई कळलं तर न्हाई कळलं. धू, बाबा, धू."

आणि बाप खाली मान घालून धुवायला लागतो.