अठ्ठावीस बोटांचं डोकं

एका राज्यात सगळं होतं, फक्त राजाच्या डोक्यावर पगडी टिकत नव्हती. सकाळी चढवावी, तर दुपारची नौबत झडायच्या आत ती घसरून नाकावर यायची. आणि त्या राज्याचा रिवाज असा, की बोडक्या राजाचा हुकूम हुकूम नव्हे. मग दुपारपासून हुकूम कोणाचा? तर कर्कोट जादूगाराचा.

पगडी हवी ती मूळ राजाच्या धाटणीची. चक्रीदार, कपाळावर कोका म्हणजे उभं टोक, मागं पिळांची उतरती रांग. पण राजा शूरध्वजाच्या मस्तकाला हात लावायची कारागिराला बंदी. माप काय ते जामदारखान्यातल्या चंदनाच्या ठोकळ्यावर घ्यायचं. तो ठोकळा म्हणजे मूळ राजाचं डोकं, असं सगळे मानत. पगडी पडली की कर्कोट म्हणे, दोष कारागिराचा. मूठभर उडीद फेकी, आणि उभ्या माणसाची साळुंकी होई. असे सहा पगडबंद पिंजऱ्यांत गेले. सातवा गेला भिवा, येसाचा पाठचा भाऊ.

येसा त्याच्याबरोबरच पगड्या बांधायची. बातमी कळली तेव्हा तिला रडू नाही आलं, संताप आला. कापडाला हात पुसले, कच्च्या सुताची गुंडी ओटीत खोवली आणि तशीच दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, माझ्या भावाचा पीळ वाऱ्यावादळात हलला नाही. पगडी पडली तेव्हा पगडी सगळ्यांनी पाहिली. डोकं कोणी पाहिलं का?"

कर्कोट हसला. म्हणाला, "बाई, तीन कामं कर. साठ हात मलमल आण, आंब्याच्या कोयीत मावेल अशी. तिला उगवतीचा रंग दे, धुतला तरी न उतरणारा. आणि त्या कापडाची पगडी बांध, दरबार उठेतो न पडणारी. झालं तर भाऊ तुझा. एक जरी चुकलं, तर आठवा पिंजरा रिकामाच आहे."

मलमल होती डोंगरातल्या आठ पायांच्या कोळिणीपाशी. तिच्या गुहेचं दार गुडघ्याएवढं. आजवर राजाचे सरदार तिथवर येत, दार पाहून मिशीला पीळ देत आणि परत फिरत. येसा वाकली, रांगत आत गेली. कोळीण म्हणाली, "शंभर वर्षांत तू पहिली आलीस." आणि साठ हात मलमल काढून दिली. येसानं ती कोयीत भरली.

रंग होता सात कोसांवरच्या विहिरीत. सरदारांनी घोड्यावरूनच पोहरे सोडले होते, ते कोरडेच वर आले होते. येसानं काठावर ओणवं होऊन आत पाहिलं, विहिरीला रामराम केला. पाणी आपसूक वर आलं, मलमल उगवतीसारखी लाल करून खाली गेलं.

उरलं तिसरं. तिला जामदारखान्यात नेलं. मध्यभागी तो ठोकळा, शेजारी त्यावर बांधलेल्या सात पगड्या, भोवती सात भरलेले पिंजरे आणि एक रिकामा. ठोकळा पाहूनच तिचा हात थबकला. पाण्याचा हंडा परवडला, एवढं ते डोकं.

सातव्या पिंजऱ्यातली साळुंकी बोलली, "अक्का, यावर बांधू नकोस. हा ठोकळा रोज भर दुपारी रडत आपली कहाणी सांगतो, मी ऐकलंय. मूळ राजानं मस्तक मापू दिलं नाही. म्हणाला, माझ्या थोरवीएवढं कर. आपल्या खापरपणजोबांनी भिऊन एवढं कोरलं. तेव्हापासून चंदनात शाप बसलाय. खरं डोकं मापेतो या गादीवर पगडी टिकायची नाही."

आता तिचा राग दुप्पट झाला. राजावर होताच, तो खापरपणजोबांवरही गेला. एकानं मान वाकवली नाही, दुसऱ्यानं तोंड उघडलं नाही, आणि पिंजऱ्यात कोण? तर माझा भिवा!

ती तरातरा दरबारात आली. सिंहासनासमोर जमिनीवर पाट मांडला.

"महाराज, खाली बसा. मान वाकवा."

"मुंडकं उडवा हिचं," कर्कोट ओरडला.

येसा म्हणाली, "हुकूम राजानं द्यायचा. तुझा हुकूम दुपारनंतर, आणि दुपारची नौबत अजून झडायची आहे. महाराज, तुम्ही सांगा, उद्याही दुपारनंतर असंच बसायचंय का?"

शूरध्वजानं कर्कोटाकडे पाहिलं. मग बाईच्या हातातल्या सुताकडे पाहिलं. शेवटी तो सहा पायऱ्या उतरला, पाटावर बसला आणि त्यानं मान वाकवली.

येसानं कपाळावरून सूत फिरवलं, बोटांनी मोजलं. अठ्ठावीस बोटं. तिच्या भिवाचंही तेवढंच, बाजारातल्या पखालीवाल्याचंही तेवढंच. तिनं मलमलीला पीळ घातला, आपल्या गुडघ्यावर चक्री बांधली, कोका बसवला आणि पगडी स्वतःच्या हातानं राजाच्या डोक्यावर ठेवली.

दुपारची नौबत झडली. पगडी हलली नाही.

जामदारखान्यात ठोकळा काडकन दुभंगला. पिंजऱ्यांची दारं उघडली, सात माणसं अंग झाडत बाहेर आली. ठोकळ्यावर बांधलेल्या साती पगड्या उडून आल्या आणि एकावर एक कर्कोटाच्या डोक्यावर बसल्या. त्या थेट खांद्यांपर्यंत उतरल्या. आतून मंत्र म्हटला तर तो पिळांतच अडकला. कर्कोट चाचपडत वेशीबाहेर गेला, तो आजतागायत वाट शोधतो आहे.

राजा म्हणाला, "येसाबाई, माग काय हवं ते."

"मला काय द्यायचं ते मागाहून. आधी या सातांपुढे हात जोडा. यांनी चूक केली नव्हती."

राजानं हात जोडले. पगडी तरीही पडली नाही.

त्या दिवसापासून त्या राज्यात नवा राजा गादीवर बसण्याआधी पाटावर बसतो आणि पगडबंदापुढे मान वाकवतो. भिवा घरी आला, पुन्हा पीळ घालू लागला. फक्त काम करताना मधूनच शीळ घालायचा. येसा म्हणायची, घाल बाबा, आता तुला कोण अडवतंय.

त्यांचं माप जुळलं, तसं ऐकणाऱ्याचंही जुळो.