पानमळ्याचे वारस

ही गोष्ट मला नीट आठवते की नाही, याची शंकाच आहे. मेलेला माणूस एकाचा काका होता आणि दुसऱ्याचा मामा, एवढे मात्र पक्के. बाकीचे आठवेल तसे सांगतो. चुकले तर मोठ्यांनी सावरून घ्यावे, मुलांनी खुशाल हसावे.

फार फार पूर्वी एका राज्यातल्या एका गावी एका निपुत्रिक माणसाचा हिरवागार पानमळा होता. तो वारला तेव्हा वैशाख पेटला होता.

पुतण्या म्हणाला, "घराणं माझं, मळा माझा."

भाचा म्हणाला, "मामाच्या हाताखाली या वेली मी वाढवल्या. मळा माझा."

वाद न्यायाधीशाकडे गेला. साक्षी झाल्या, पुरावे झाले, तारखांवर तारखा पडल्या.

पानवेल नाजूक. तिला वेळच्या वेळी पाणी हवे. भाच्याने पाट फोडायला कुदळ उचलली, तसा पुतण्या धावत आला.

"थांब! आज पाणी पाजशील आणि उद्या म्हणशील, वहिवाट माझी, म्हणून मळाही माझा."

"मग तू पाज, दादा."

पुतण्याने कुदळीला हात घातला. भाच्याने ती सोडलीच नाही.

"वा! म्हणजे वहिवाट तुझी होणार!"

दोघे बांधावर समोरासमोर बसले. जेवणात लक्ष नाही, डोळ्याला डोळा नाही. पान सळसळले तरी दोघे दचकून उठत. वेली जगाव्यात असे दोघांनाही मनापासून वाटत होते. त्या दोघांचे हाल पाहवत नव्हते. वेलींचे तर त्याहून नाही.

शेजारची म्हातारी घागर घेऊन आली. "अरे, भांडायला जन्म पडलाय. सरका, मी घालते पाणी."

"मावशी, हात लावायचा नाही!" दोघे एकदम ओरडले. साऱ्या भांडणात त्यांचे एकमत झाले ते एवढ्यावरच.

"शाब्बास," म्हातारी म्हणाली. "मालकाला एकदाच जाळलंत. मळ्याला रोज जाळताय."

शेवटी न्यायाधीश स्वतः आला. मळा अर्धा अर्धा, असा निवाडा त्याने दिला. मग त्याने मळ्याकडे पाहिले. वेली सुतळीसारख्या वाळून लोंबत होत्या.

"पाणी का नाही घातलं?"

"घालील त्याची मालकी लागते ना, महाराज?" भाच्याने विचारले.

"असा नियम या राज्यात नाही. कोणी सांगितला?"

भाच्याने पुतण्याकडे बोट केले. पुतण्या मान खाली घालून पुटपुटला, "मला... मला तसं वाटलं."

लहानपणी ऐकलेली ही गोष्ट खरी असेल का, असे वाटून मी अस्वस्थ होत असे. पुढे कित्येक वर्षांनी मी त्या गावी जाऊन विचारून आलो. तिथे आता पानमळा नाही. लग्नाचे विडेसुद्धा शेजारच्या गावाहून येतात.

तात्पर्य: वारसा कोणाचा हे ठरेपर्यंत तो जगवणे, हे प्रत्येक वारसाचे काम असते.