चार बोटांची जागा

घाटाखालच्या एका गावात एकदा असे घडले, की एका गुळाच्या व्यापाऱ्याची जुनी जीप लेपाच्या कारखान्यासमोर येऊन थांबली. हा कारखाना एका वृद्ध वस्तादांचा होता. इंजिनातला जळता धूर ज्या लोखंडी पाइपातून बाहेर पडतो, त्या पाइपावर ते सिरॅमिकचा लेप चढवीत. लेप नीट बसला, की आतली धग आतूनच मागे निघून जाते आणि बॉनेटखालच्या वायरी, नळ्या, माणसांचे हात सुखरूप राहतात.

वस्तादांचे दोन शिष्य होते, सख्खे भाऊ. थोरला हणमंता नुकताच तापाने गेला होता. धाकटा दिवसकार्य आटोपून कामावर परतला होता, पण त्याचे लक्ष कशातच लागत नव्हते. कोणी हाक मारली, तर ती आपल्याला की दादाला, हेच त्याला क्षणभर कळत नसे.

व्यापारी उतरला तो चिडूनच. "वस्ताद, तुमच्या लेपाचे पोपडे निघाले बघा! शेजारची वायर वितळली. काल भर घाटात धूर झाला. गाडीत लेकी-सुना होत्या माझ्या."

"असं व्हायला नको होतं," वस्ताद म्हणाले. "गाडी निवू दे. मग पाइप काढ रे."

शिष्याने पाइप काढला आणि दारातल्या उजेडात धरला. राखाडी लेप सगळीकडे शाबूत होता. फक्त एका वळणावर बोटांच्या ठशांसारखे चार पट्टे सोलून गेले होते आणि खालचे लोखंड गंजाने तांबूस झाले होते. तीन पट्टे लांब. मधल्या बोटाच्या जागचा मात्र आखूड. दादाचे मधले बोट यंत्रात सापडून पेरभर तुटले होते.

वाळूच्या माऱ्याने स्वच्छ केलेल्या लोखंडाला उघडा हात लावायचा नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. हाताचा घाम लोखंडावर राहतो. वरून लेप दिला, तर त्या वेळी काहीच दिसत नाही. पुढे केव्हातरी, तापता तापता, लेप नेमका तिथेच सुटतो. हे धाकट्याला शिकवले होते दादानेच. चुकून हात लागला, तर पाठीत धपाटा घालून शिकवले होते. मग दादाचाच हात इथे कसा? घाईत होता का? त्या दिवशी त्याला बरे नव्हते का? त्याला काहीच उमजेना. त्याने आपली चार बोटे हळूच त्या चार पट्ट्यांवर ठेवली. मग त्याने पाइप पोटाशी धरला आणि तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"वाळू मारून सगळा लेप काढून टाक," वस्ताद म्हणाले. "नव्याने करू."

"नाही."

"नाही म्हणजे?" व्यापारी पुढे आला.

"शेठ, हा पाइप मी देणार नाही. दुसरा आणून घालतो."

"दुसरा? ही गाडी बनायची बंद झाली, तेव्हा तू पाळण्यात असशील! सगळा भंगारबाजार पालथा घातलाय मी. अरे, पाइप आहे तो. पितरांचा टाक करून देव्हाऱ्यात पुजणार आहेस काय?"

"पुजणार!" पोरगा ओरडला. "माझ्या भावाचा हात आहे त्याच्यावर. घरात त्याचा धड एक फोटो नाही. वाळू मारली की हेही गेलं. तुम्हाला काय, तुम्हाला गूळ वाहायचाय!"

पोराचा चेहरा बघून व्यापारी एक पाऊल मागे सरकला.

वस्ताद जवळ आले. त्यांनी पाइप ओढून घेतला नाही. ते एवढेच म्हणाले, "बरं, नको काढू लेप. गाडीला होता तसा परत बसव."

आता व्यापाऱ्याला राहवेना. "अहो, दुरुस्तीला आणलाय ना मी?"

"जरा थांबा, शेठ."

शिष्य गोंधळला. पण वस्तादांचा शब्द मोडण्याची त्याला सवय नव्हती. त्याने पाइप पुन्हा बसवला. वस्तादांनी वितळलेली वायर स्वतः बाजूला बांधली आणि व्यापाऱ्याला इंजिन सुरू करायला सांगितले. बऱ्याच वेळाने वस्तादांनी शिष्याचा उजवा हात धरून पाइपाच्या सरळ भागासमोर वीतभर अंतरावर नेला.

"सोसतंय?"

"ऊब लागते. सोसतंय."

त्यांनी तोच हात, तेवढ्याच अंतरावर, वळणापाशी नेला. पोराने झटकन हात मागे घेतला.

"काय झालं?"

"भाजलं की ओ!"

वस्तादांनी हातानेच खूण करून इंजिन बंद करवले. "चटका बसला तिथे हणमंता तुला दिसतो. हात भाजला नाही तिथे तो दिसत नाही. पण सरळ भागावर लेप कोणी दिला होता?"

"दादानंच."

"मग तो चार बोटांपुरताच आहे, असं का धरून बसलास? हात का लागला, ते मला माहीत नाही. पाइप निसटत असेल, त्यानं पकडला असेल. एका क्षणाची गोष्ट. बाकी सगळा पाइप इतकी वर्षं त्या घाटात तापला आणि कोणाला चटका बसू दिला नाही. हणमंताचं खरं काम तिथे आहे. चांगल्या कामात हात दिसत नाही रे. म्हणून तुला तो सापडत नाहीये."

पोरगा पाइपाकडे बघत राहिला. मग त्याचा आवाज एकदम फुटला. "पण वाळू मारली की तेही जाणार ना, वस्ताद? चांगलं होतं तेही?"

"जाणार," वस्ताद म्हणाले. त्यांनी ते गोड करून सांगितले नाही. "सगळंच जाणार. जुन्याला जोडून दिलेला लेप सांध्यावर सुटतो. मग पुढे काय करशील?"

"पुढे काय?"

"लेप द्यायचाय. कसा देशील?"

"आधी धुवायचा," पोरगा नाक पुसत म्हणाला. "मग नुसताच भट्टीत तापवायचा, म्हणजे लोखंडात मुरलेलं तेल धूर होऊन निघतं. ते निघाल्याशिवाय पुढं जायचं नाही, कितीही घाई असली तरी. मग वाळू. मग हातमोजे. लेप पातळ द्यायचा, अंगावर पावडर घेतो तसा. जाड दिला म्हणजे जास्त माया केली असं होत नाही, येड्या..."

तो थांबला. 'येड्या' हा शब्द त्याचा नव्हता.

जीपला टेकलेला व्यापारी उगाचच रुमालाने चष्मा पुसत राहिला.

पाइप निवल्यावर पोराने तो स्वतःच्या हाताने उतरवला. धुऊन भट्टीत घातला, तेव्हा त्यातून बराच वेळ काळा धूर निघत राहिला. धूर थांबेपर्यंत तो भट्टीसमोरून हलला नाही. मग पाइप वाळूच्या पेटीत ठेवून त्याने शेवटचे एकदा त्या चार पट्ट्यांकडे पाहिले आणि वाळू सोडली. लोखंड पांढुरके, कोरे झाले. हातमोजे चढवून त्याने लेप दिला, पाइप भट्टीत हळूहळू तापवला आणि भट्टीचे दार न उघडता आतच निवू दिला.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याने इंजिन सुरू केले, वळणापाशी हात धरला आणि मान डोलावली. "छान झालंय. कोणी केलं म्हणायचं?"

पोरगा पाइपाकडे बघत होता. त्यावर कोणाच्याच हाताची खूण नव्हती.

"आम्ही दोघांनी," तो म्हणाला.

गेलेल्या माणसाला शोधताना आपणही पुष्कळदा चटका बसतो तिथेच हात धरून बसतो. त्याच्यामुळे इतकी वर्षे जिथे भाजले नाही, तिथेही एकदा हात नेऊन पाहावा.