करंगळीचं भोक

वसईच्या एका केळीच्या वाडीत बैल रहाट ओढायचा, तेव्हाची गोष्ट. रहाटाच्या माळेत एक नवंकोरं गाडगं आलं. पहिल्याच फेरीत आपल्या बुडातून धार गळतेय हे कळलं आणि ते लाजेनं अर्धमेलं झालं. विहिरीच्या तळाशी गेल्यावर त्यानं चिखलानं भोक लिंपून टाकलं.

"आता माझा थेंबही वाया जात नाही!" ते ऐटीत म्हणालं. झालं! बाकीच्या गाडग्यांनीही बुडं लिंपून घेतली.

विहिरीच्या भिंतीतल्या कपारीतून बेडूक ओरडला, "अरे, आमची धार कुठे गेली? इथला नेचा सुकला की!"

"वाडी पिकवायची सोडून तुम्हाला पाजू? तुम्ही काय पिकवता रे?" नवं गाडगं म्हणालं.

"काहीच नाही. केळीवरचे किडे तेवढे खातो."

दुपारी वाडीवाल्या इनासकाकांनी बैल सोडला. एरवी थांबलेल्या गाडग्यांतलं पाणी भोकांतून निथळून जायचं. आज भरलेल्या गाडग्यांच्या भारानं रहाट उलटा गरगरला आणि नव्या गाडग्याच्या काठाचा टवका उडाला.

काका हसतच काडी घेऊन आले आणि एकेक भोक मोकळं करू लागले. "वेड्यांनो, हे काय फुटलंय होय? कुंभारानं करंगळीनं मुद्दाम पाडलंय!"

धारा सुटल्या. कपार भिजली. बेडकानं असा सूर लावला की बैलही मान डोलवू लागला.

तेव्हापासून ते टवका उडालेलं गाडगं वर जाताना रोज कपारीपाशी विचारतं, "पाणी पोचलं का रे?"

"पोचलं!" असं ऐकू आलं की मगच ते खुशीत वाडीकडे निघतं.