रंगनाथराव ब्यूनस आयर्सला पोचले

एका गावात एक भोळा गिरणीवाला होता. भोळा हा गावाचा शब्द. गाव सभ्य आहे. मीही आंबेखिंडीचाच, पण तेवढा सभ्य नाही, म्हणून सरळ सांगतो. रंगनाथ मूर्ख होता. सांगितलं तेवढंच करायचा, आणि नको तिथं करायचा. एकदा एक म्हातारी गिरणीत येऊन म्हणाली, "हातातलं सोड आणि आधी माझं दळण घे." रंगनाथच्या हातात पाटलांच्या गव्हाचा डबा होता. त्यानं सोडला. खाली गटार होतं.

त्याची बायको हेमलता शाळेत बाई होती. हुशार बाई. हुशार बायकांना असे नवरे का मिळतात, यावर पारावर पुष्कळ चर्चा झाली, निकाल लागला नाही. हेमलताची थोरली बहीण नलूताई दूर अर्जेंटिनात, ब्यूनस आयर्सला राहायची. लग्न होऊन गेल्यापासून दोघींची गाठ नव्हती. दर दिवाळीला हेमलता तिला पोस्टानं चकल्या पाठवायची. पोचेपर्यंत त्यांचा चुरा व्हायचा. नलूताई तो चुरा चमच्यानं खायची आणि फोनवर रडायची.

एक दिवस नलूताईचा फोन आला. "हेमे, मी मुलाकडं कॅनडाला निघाले, कायमची. महिनाअखेरीच्या रविवारी संध्याकाळचं विमान आहे. त्याआधी येऊन जा. पुन्हा भेट होईल, न होईल."

"येते," हेमलता म्हणाली. "दोघंही येतो. पाठीवर बॅगा टाकून, वाटेतली मोठमोठी शहरं बघत. आणि या वेळी तुला अख्खी चकली खायला घालते."

"रंगनाथरावांना घेऊन? अगं, तो माणूस इथवर पोचायचा नाही."

हेमलताला राग आला. नवऱ्याला मूर्ख आपण म्हणावं, माहेरच्यांनी नाही. "पोचतात की नाही बघच," ती म्हणाली.

तिनं चकल्यांचा डबा एका बॅगेत ठेवला आणि ती बॅग नवऱ्याच्या पोटावर बांधली. दुसरी त्याच्या पाठीवर. पासपोर्ट आणि पैसे मात्र तिनं स्वतःच्या कमरेला बांधले. हुशार बाई होती, म्हटलंच आहे.

"अहो, तिकडं चोर फार," तिनं बजावलं. "पोटावरची बॅग कुणीही मागितली तरी सोडायची नाही."

"बरं," रंगनाथ म्हणाला.

पहिलं शहर बोगोटा. विमानतळावर शिपायानं सांगितलं, बॅग तपासायच्या यंत्रात टाका. रंगनाथ सोडेना. शिपायानं दोनदा सांगितलं, खुणेनं सांगितलं. शेवटी रंगनाथ बॅग पोटाशी धरून स्वतःच त्या सरकत्या पट्ट्यावर आडवा झाला. यंत्रानं त्याला पायापासून डोक्यापर्यंत तपासलं. बॅगेत चकल्या दिसल्या. डोक्यात काही सापडलं नाही.

"अहो, असं नाही!" हेमलता म्हणाली. "आपण पाहुणे. कुणी काही मागितलं तर हसून द्यायचं."

"बरं. हसून द्यायचं."

दुसऱ्या दिवशी भर चौकात एक मोटरसायकलवाला शेजारी येऊन थांबला. त्यानं रंगनाथच्या हातातल्या मोबाइलकडं बोट केलं. रंगनाथनं हसून दिला. मोटरसायकलवाला घाईनं निघाला, तर हा मागं धावला. "थांबा हो, थांबा!" आणि खिशातला चार्जरही दिला. तो चोर इतका ओशाळला की त्यानं आभार मानले.

हेमलतानं कपाळाला हात लावला. "अहो, असं नाही! अनोळखी माणूस काही न्यायला आला की त्याचा हात धरायचा आणि चोर, चोर म्हणून ओरडायचं."

"बरं. हात धरून ओरडायचं."

मग लिमा. तिथं एका चांगल्या हॉटेलात दोघं जेवायला बसली. लिंबात मुरवलेला कच्चा मासा आला. हेमलतानं भात खाल्ला, रंगनाथनं मासा खाल्ला आणि शिजवायला विसरले म्हणून आचाऱ्याची कीव केली. रिकामी ताटली उचलायला म्हातारा वेटर आला. रंगनाथनं त्याचं मनगट धरलं आणि बोंब ठोकली, "चोर! चोर!" मराठी तिथं कुणाला कळत नव्हतं, पण बोंब सगळ्या देशांत कळते. लोक उठून उभे राहिले. वेटरच्या डोळ्यांत पाणी आलं. रंगनाथ मनगट सोडेना, आणि ताटलीही.

"अहो, असं नाही, असं नाही!" हेमलता शरमेनं लाल झाली होती. "किती प्रेमळ माणसं आहेत इथली. भेटली की गालाला गाल लावतात. तुम्हीही तसंच वागा."

"बरं. गालाला गाल."

पुढं ला पास. इतक्या उंचावरचं शहर की चार पायऱ्या चढल्या तर धाप लागते. तिथं एका सरकारी वाड्यासमोर लाल कोट घातलेला पहारेकरी भाला धरून उभा होता. हलायचं नाही, बोलायचं नाही, असा त्याला हुकूम. रंगनाथ गेला आणि त्याच्या गालाला गाल लावला. पहारेकरी गप्प. "रुसलेला दिसतोय," रंगनाथ म्हणाला आणि दुसरा गाल लावला. तरी गप्प. मग त्यानं लहान मुलाची काढतात तशी त्याची हनुवटी धरून समजूत काढली. पहारेकऱ्याला हलायची परवानगी नव्हती, पण आतल्या चौघांना होती.

चौकीतून सोडवून आणताना हेमलताचा घसा बसला होता. "अहो, असं नाही हो! पुरे झालं लोकांत मिसळणं. इथून पुढं जो तुम्हाला नावानं ओळखत नाही, त्याच्याकडं वळूनसुद्धा बघायचं नाही. मागून कितीही हाका मारू दे."

"बरं," रंगनाथ म्हणाला. "वळून बघायचं नाही."

आणि खरं सांगायचं तर हा धडा त्याला छान जमला. फेरीवाले ओरडून थकले, रंगनाथ वळला नाही. हेमलताला वाटलं, सुधारला. मूर्खाची एक गोष्ट नीट झाली की शहाण्यांचं भान सुटतं, ते असं.

सान्तियागोच्या बस स्टँडवर ब्यूनस आयर्सची गाडी लागायची होती. "मी तोंड धुऊन आलेच," हेमलता म्हणाली. "ही तिकिटं धरा. गाडी लागली की बॅगा घेऊन चढा. माझी वाट बघत उभे राहू नका."

गाडी लागली. रंगनाथ चढायला लागला. ड्रायव्हरनं दोन तिकिटं बघून दोन बोटं दाखवली, दोघं ना? रंगनाथनं पोटावरची बॅग दाखवली, पाठीवरची दाखवली. हिशेब जुळला.

तेवढ्यात हेमलता ओल्या तोंडानं धावत आली. "अहो! अहो, थांबा!"

रंगनाथ वळला नाही. "अहो" हे काही नाव नव्हे.

"अहो, ऐकलंत का? मी राहिले ना!"

रंगनाथनं मान ताठ केली. मग हेमलतानं जन्मात केलं नव्हतं ते केलं. भर स्टँडवर ओरडली, "रंगनाथ! अरे ए रंगनाथ!"

आता रंगनाथ विचारात पडला. त्याला विचार करायची सवय नव्हती, म्हणून जरा वेळ लागला. नाव तर आपलंच. पण आपली बायको आपलं नाव घेत नाही. लग्नात घेतलं होतं, तेही उखाण्यात. उखाण्याशिवाय नाव घेते, म्हणजे ही कुणी पाळत ठेवून नाव काढणारी चोरटी. त्यानं चटकन आत पाय टाकला आणि गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. आंबेखिंडीच्या एसटीला दोन थापा मारल्या की ती सुटते. ही पण सुटली.

शेजारची जागा रिकामी बघून त्याला वाटलं, ही पुढं बायकांच्या सीटवर बसली असेल. तो झोपला. डोंगर गेले, सरहद्द गेली. पासपोर्ट बघणाऱ्यांना दोन बॅगांखाली झोपलेला हा दिसलाच नाही. रविवारी सकाळी बॅगेवरचा पत्ता लोकांना दाखवत तो नलूताईच्या दारात हजर झाला.

"पोचलो, ताई!"

"हेमा कुठंय?"

रंगनाथनं मागं वळून बघितलं. सबंध प्रवासात पहिल्यांदाच.

नलूताईनं कपाळ बडवून घेतलं. "मी स्टँडवर बघते. मागच्या गाडीनं आली तर बरं. रंगनाथराव, ही किल्ली पोटाशी धरा आणि दार आतून लावून घ्या. माझं तिकीट, पासपोर्ट, सगळं आत आहे. मी येईपर्यंत दार कुणालाही उघडू नका."

"बरं," रंगनाथ म्हणाला.

नलूताई गेली आणि हेमलता आली. पत्ता तिला पाठ होता, दिवाळीच्या पार्सलांवर लिहून लिहून. तिनं दार ठोठावलं. "अहो, मी आलेय. उघडा!"

रंगनाथनं दाराच्या भोकातून बघितलं. "चेहरा हुबेहूब आणलाय. खरी असशील तर उखाणा घे."

रात्रभर जागी, अंगावरच्या साडीनिशी आलेली बाई. परक्या देशात, बहिणीच्या उंबरठ्यावर उभी राहून तिनं दात आवळून नाव घेतलं:

"बॅगा दोन, कान दोन, अक्कल मात्र शून्य,
रंगनाथरावांचं नाव घेते, हेच का माझं पुण्य?"

"साफ खोटी!" रंगनाथ आतून म्हणाला. "माझी बायको लग्नात माझी स्तुती करत होती."

हेमलता पायरीवर बसली आणि रडली. रागानंच रडली. तासाभरानं नलूताई स्टँडवरून हात हलवत परत आली, तर पायरीवर बहीण. दोघींनी अशी मिठी मारली की शेजारणी खिडक्यांत आल्या. मग नलूताईला विमान आठवलं आणि तिनं दार ठोठावलं.

रंगनाथनं बघितलं. "मघाशी एक होती. आता टोळी झाली!"

दोघींनी विनवलं, दरडावलं, शिव्या दिल्या. रविवारी कुलूपवाला मिळेना. ऊन उतरलं. दारामागून कुडुम कुडुम आवाज येत होता. रंगनाथ अख्ख्या चकल्या खात होता.

संध्याकाळी डोक्यावरून एक विमान गेलं. नलूताई मान वर करून ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली. "हेमे, माझं चुकलं," ती म्हणाली. "तुझा नवरा पोचला."

मग ती उठली आणि दारावर शेवटची थाप मारली. "रंगनाथराव, विमान गेलं. आता तरी उघडा. मी नलू. हे माझं घर आहे."

"मग किल्लीनं उघडा."

"अहो, किल्ली तुमच्याकडं आहे!"

रंगनाथनं पोटाशी चाचपून बघितलं. किल्ली होती. त्यानं उरलेली चकली तोंडात टाकली.

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला. "घर तुमचं असतं, तर किल्ली माझ्याकडं कशी आली असती?"