हलणारं झाड

"...म्हणजे तेवढं एक सोडलं, तर माझं मन स्थिर झालंय, असंच म्हणायचं ना महाराज?"

सबनीस विचारत होते. पहाटेचा जप, मौन, एकभुक्त राहणं, सगळं त्यांनी साधलं होतं. आणि साधल्याचं सांगायलाही ते विसरत नसत.

दयागीर बाबा रानातल्या आपल्या मठीसमोर अंगण झाडत होते. "तेवढं एक म्हणजे?"

"लेक गेली माझी. शलाका. अजून तिचं नाव निघालं की आतून हलतो. तेवढं काढा आणि मला दीक्षा द्या."

बाबांनी सबनिसांच्या काखेतल्या गुंडाळीकडे बोट केलं.

"तिचाच झुला आहे. रानात मुक्कामाला गेली की झाडांना बांधून त्यात निजायची."

"सोड बघू."

सबनीस घुटमळले. मग त्यांनी गाठ सोडली. कुबट वास आला. कापडावर बुरशीचे काळे ठिपके पडले होते.

"कधीपासून गुंडाळलाय?"

"ती गेल्यापासून..." सबनिसांनी ठिपक्यांवरून हात फिरवला. "जिवापाड जपलाय हो!"

"म्हणूनच कुजतोय. कापडाला ऊन लागतं, वारा लागतो. बांध इथंच."

आश्विनातली दुपार होती. ऊन पानांतून गळून खाली सांडत होतं. कुठंतरी होला घुमत होता, आणि सगळं रान पेंगल्यासारखं सावकाश डुलत होतं. एक झाड मात्र ढिम्म उभं होतं. चांगलं जाडजूड, वेलींनी मढलेलं.

सबनिसांनी अर्थात तेच निवडलं. स्थिर माणसाला स्थिर झाड! झुल्याचं एक टोक त्यांनी मठीच्या खांबाला बांधलं, दुसरं या झाडाला.

बाबांनी पुढं होऊन दोराला एक हिसका दिला.

सालीचा पोपडा खाली आला. आतून वाळवीची माती भुरभुरली. हिरवं होतं ते सगळं वेलींचं होतं.

"हे तर... मेलेलं आहे," सबनीस म्हणाले. बराच वेळ ते त्या झाडाकडं बघत राहिले.

बाबांनी दोर सोडला आणि शेजारच्या ऐनाच्या झाडाकडं नेला. ते वाऱ्याबरोबर मजेत झुलत होतं. दोरानं त्याची साल कापू नये म्हणून बाबांनी खांद्यावरचा पंचा घडी करून मध्ये घातला. मग गाठ मारली.

"नीज आता."

सबनीस भीत भीत आत शिरले. कापड उन्हानं तापू लागलं, तसा कुबट वासाखालून खोबरेल तेलाचा वास आला. शलाकाच्या केसांचा. मग मात्र त्यांना राहवलं नाही. जप, मौन सगळं विसरून ते लहान पोरासारखे रडले.

झुला हेलकावत राहिला. रडं ओसरलं. डोळे जड झाले.

"महाराज... अजून हलतंय हो."

बाबांनी पुन्हा झाडू उचलला होता.

"हलतंय ना? मग भार धरेल."